रेषेची उमेदवारी

दोन चित्रांच्या मध्ये तिसरे चित्र काढणे हे काम ज्याला सोपे वाटत असेल त्याने एकदा कागद-पेन्सिल घेऊन ते करून पाहावे. पहिल्या चित्रात पात्राने मान वळविण्यास आरंभ केला आहे, दुसऱ्यात ती वळून झाली आहे; परंतु मधली मान या दोहोंची सरासरी काढून हाती येत नाही, कारण जिवंत प्राण्याची मान सरळ रेषेत फिरत नसून किंचित झुकून कमानीने फिरते, डोळे तिच्या आधी वळतात आणि केस तिच्या मागून येतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हातून चित्र निघते, पात्र निघत नाही. या मधल्या चित्रांच्या उमेदवारीतूनच कार्टूनपटातील पात्राला चालविण्याची, बोलविण्याची आणि विचार करावयास लावण्याची विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि मुंबईत ती आली तीही याच वाटेने.

नुसती युक्ती आपल्याकडे फार पूर्वीपासून अवगत होती. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीच, कुंडीतल्या वाटाण्याचे रोप वाढताना थोड्या थोड्या अवकाशाने एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखविली होती, आणि पुढे 1915 च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लहानशा पटात त्यांनी काडेपेटीतल्या काड्यांना नाचविले. 1934 मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीतून रघुनाथ केळकर यांनी चितारलेला ‘जंबूकाका’ बाहेर पडला. ही माणसे कमालीच्या कल्पकतेची होती यात शंका नाही. तथापि प्रत्येकाने आपापल्या घरी विस्तव नव्याने पेटविला, आणि तो विझल्यावर शेजाऱ्याला निखारा मिळाला नाही. हस्तकौशल्याच्या इतिहासात पहिला कोण या प्रश्नापेक्षा दुसरा कोणाजवळ शिकला हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्या प्रश्नाला इथे दीर्घकाळ उत्तर नव्हते.

उत्तर तयार होत होते ते सातासमुद्रापलीकडे, लॉस एंजेलिस शहरातील हायपेरियन नावाच्या रस्त्यावर. वॉल्ट डिस्ने यांच्या कारखान्यातील चित्रकारांना उंदीर-बदके नाचविता येत होती, परंतु पूर्ण लांबीच्या कथापटात राजकन्येला रडविता येईल इतके ज्ञान त्यांच्यापाशी नव्हते, आणि ही उणीव स्वतः डिस्ने यांनी ओळखली हे त्यांच्या कर्तृत्वातले मोठे पान आहे. आर्ट बॅबिट नावाच्या त्यांच्या एका चित्रकाराने आपल्या घरी सहकाऱ्यांना जमवून जिवंत माणसावरून रेखाटनाचा सराव सुरू केला होता. ही वार्ता कळताच 1932 च्या अखेरीस डिस्ने यांनी हा वर्ग आपल्या कारखान्यात आणला आणि शुईनार्ड कलाशाळेतील डॉन ग्रॅहॅम या शिक्षकाला त्यावर नेमले. तेथे रात्री दिवे लावून माणसे मनुष्यदेहाचे वजन कोठे पडते हे रेखाटीत बसत, चित्रपटाच्या फिती एकेक चौकट थांबवून पाहत, उडी मारणाऱ्याचे अंग उडीच्या आधी खाली का दबते याची चिकित्सा करीत. पुढे ‘बॅम्बी’ या हरणाच्या कथापटाच्या वेळी तर जिवंत हरणाची पाडसे कारखान्यात आणून ठेवली होती, आणि रिको लेब्रन हे चित्रकार प्राण्यांच्या अस्थि-स्नायूंचे पाठ देत असत. चेंडू आपटताना चपटा होतो आणि उसळताना लांबतो, प्रत्येक कृतीपूर्वी तिची चाहूल द्यावी लागते, शरीर थांबले तरी पदर थांबत नाही, इत्यादी जी बारा तत्त्वे आज या धंद्याची बाराखडी समजली जातात ती त्या रात्रींतून जन्मली. ग्रंथरूपाने ती फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी मांडली ती 1981 मध्ये, म्हणजे सुमारे अर्धशतकानंतर.

अर्धशतक ही विद्या पुस्तकाशिवाय कशी टिकली, हे समजण्यास कारखान्याची रीत पाहावी लागते. पडद्यावर दर सेकंदास 24 चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींना पुरविले तरी सेकंदास 12 चित्रे लागतात, आणि दहा मिनिटांच्या पटात एकच पात्र अखंड हलत राहिले तर त्याची 7,200 चित्रे होतात. एवढा भार एका माणसाला पेलणारा नसल्यामुळे मुख्य चित्रकार केवळ मोक्याची चित्रे, ज्यांना ‘की’ म्हणतात ती, काढी; सहायक त्यांतील रेषा स्वच्छ करी; आणि उरलेली मधली चित्रे उमेदवाराच्या वाट्याला येत, ज्याला ‘इनबिटवीनर’ असे लांबलचक नाव होते. मुख्य चित्रकार आपल्या कागदाच्या समासात एक बारीक रेघ ओढून तिच्यावर आडव्या खुणा करी. खुणा एका टोकाला दाटीने असल्या की पात्राने तेथे सावकाश थांबावयाचे, विरळ असल्या की झपाट्याने निघावयाचे. गायकाने हाताने दाखविलेल्या लयीसारखी ती रेघ होती. तिच्या आज्ञेने दिवसाला वीस-पंचवीस मधली चित्रे काढणारा आणि काढून झाल्यावर खालून प्रकाश सोडलेल्या मेजावर ती बोटांत धरून सरसर उलटून पाहणारा मुलगा, वर्ष-दोन वर्षांत नकळत गुरूची बुद्धी आपल्या मनगटात उतरवून घेत असे. इथे एक गोष्ट खेदाने नमूद केली पाहिजे की ही शिडी त्या काळी पुरुषांसाठीच होती. पारदर्शक सेलवर शाईने रेषा गिरविणाऱ्या आणि मागील बाजूने रंग भरणाऱ्या स्त्रियांना, अगदी थोडे अपवाद सोडल्यास, वरच्या पायरीवर पाऊल ठेवू दिले जात नव्हते.

आता मुंबईकडे वळू. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये भारत सरकारने फिल्म्स डिव्हिजन हे खाते स्थापन केले, आणि प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळापूर्वी त्याचे अनुबोधपट दाखविणे सक्तीचे झाले. निरक्षर रयतेपर्यंत पंचवार्षिक योजना आणि आरोग्याचे नियम पोहोचवावयाचे तर बोलक्या चित्रांइतके समर्थ साधन नाही हे जाणून 1956 मध्ये या खात्यात स्वतंत्र कार्टून विभाग उघडण्यात आला, आणि अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्याच्या योजनेतून त्यावर शिक्षक म्हणून क्लेअर वीक्स यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ डिस्ने यांच्या पदरी वर्षानुवर्षे काम केलेले, ‘बॅम्बी’च्या चित्रकारांपैकी एक, आणि विशेष हे की त्यांचा जन्म एका मिशनरी कुटुंबात हिंदुस्थानातच झाला होता. सरकारी करारनाम्यांतून यंत्रे येतात, अहवाल येतात, माणसे पाहुणी म्हणून येऊन जातात. परंतु हायपेरियन रस्त्यावरच्या त्या रात्रवर्गांची परंपरा ज्याच्या बोटांत होती असा एक माणूस मुंबईच्या होतकरू मुलांच्या मेजाशेजारी बसला, हा योग मी त्या साऱ्या योजनेचे सर्वांत मोठे फळ मानतो.

वीक्स यांच्या देखरेखीखाली जो पट हातावेगळा झाला तो ‘द बॅनियन डिअर’, 1957 चा. कथा जातकातली: हरणांचा सोनेरी राजा, शिकारीला चटावलेला काशीचा नृपती, रोज एका हरणाने स्वतःहून मरणास जावयाचे असा ठराव, आणि एके दिवशी गर्भिणी हरिणीवर पाळी आली असता तिच्या जागी आपली मान ठेवणारा तो राजमृग. ‘बॅम्बी’त हरीण चालविलेल्या माणसाने इथल्या मुलांना शिकविण्यासाठी हरणाचीच कथा हाती घ्यावी, यात मला केवळ योगायोग दिसत नाही. शिक्षक आपल्याला जे उत्तम येते तेच प्रथम देतो. त्या पटात डिस्ने-वळणाची गोलाई स्पष्ट दिसते आणि कोणी त्याला उसने वळण म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. परंतु पहिली बाराखडी नेहमी गुरूच्याच अक्षरावरून गिरवावी लागते, आणि स्वतःचे अक्षर त्यानंतरच वळते.

ते वळलेही लवकर. रसायनशास्त्राचे पदवीधर असलेले राम मोहन 1956 मध्ये या विभागात दाखल झाले, वीक्स यांच्या हाताखाली तयार झाले आणि 1968 पर्यंत तेथे राहिले. त्याच दालनात जी. के. गोखले यांच्यासारखे आधीच्या पिढीतले चित्रकार होते, आणि पुढे शैला परळकर, अरुण गोंगाडे अशी मराठी नावे या खात्याच्या श्रेयनामावलीत दिसू लागली. मुलतानात जन्मलेले भीमसेन या विभागात आले ते पार्श्वभूमी रंगविणारे म्हणून. शेजारच्या मेजावर चाललेले काम पाहत आणि राम मोहन यांच्याकडून शिकत ते स्वतः कार्टूनकार झाले, आणि 1970 मध्ये त्यांच्या ‘द क्लाइंब’ने शिकागोच्या महोत्सवात पारितोषिक मिळविले. प्रमोद पती यांनी तर प्रागला जाऊन ट्रन्का यांच्या कळसूत्री चित्रपटांची विद्या आत्मसात केली होती. हे सर्व एका छताखाली वावरत होते. सरकारी खात्यातले तुटपुंजे मनुष्यबळ पाहता सेकंदास 12 चित्रांची चैन त्यांना परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी हालचाल कमी करून मांडणी, रेषा आणि ध्वनी यांवर भिस्त ठेवली. 1974 चा, विजया मुळे यांच्या कल्पनेतून आणि भीमसेन यांच्या चित्रांतून साकारलेला ‘एक अनेक और एकता’ ज्यांनी बालपणी दूरदर्शनवर पाहिला त्यांना त्यातील मुले आजही आठवतात. त्या मुलांना हात-पाय मोजकेच हलविता येतात, पण ती एकमेकांकडे पाहतात तेव्हा खरोखर पाहतात.

यानंतरचा भाग मी थोडक्यात सांगतो. राम मोहन यांनी 1972 मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला, जाहिरातपटांवर तो चालविला, आणि 1992 मध्ये पूर्ण झालेल्या जपानी-भारतीय ‘रामायणा’चे ते एक दिग्दर्शक होते, परंतु त्या चित्रपटाची चित्रे मुख्यत्वे जपानात काढली गेली. त्याच दशकात परदेशी कंपन्यांचे काम मुंबई, चेन्नई, त्रिवेंद्रम येथे मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. काम आले, पगार आले, शेकडो तरुणांना मेज मिळाले, हे निःसंशय चांगले झाले. मात्र कथा, पात्रांची घडण आणि मोक्याची चित्रे बहुतेक तिकडेच ठरत, आणि इकडे येत ती मधली चित्रे व रेषांची सफाई. म्हणजे एकाच शिडीच्या वरच्या पायऱ्या एका मुलखात राहिल्या आणि खालच्या दुसऱ्या मुलखात आल्या. तिकडच्या नवशिक्याची उमेदवारीची जागा गेली. इकडच्या उमेदवाराला जागा मिळाली, पण समासातली रेघ ज्याने ओढली तो गुरू त्याला कधी दिसला नाही, आणि ही रेघ इथेच का दाट असे विचारावयास शेजारी कोणी नव्हते. या देशात हातांची वाण कधीच नव्हती. मेजाशेजारची खुर्ची रिकामी राहिली, हे माझ्या मते खरे नुकसान होय.

आज संगणकावर पात्राचा सांगाडा आधीच बांधलेला मिळतो आणि दोन मोक्याच्या स्थितींमधली हालचाल यंत्र क्षणात भरून काढते. ती भरते मात्र नेमकी सरासरीने, आणि ती मोडून त्या मानेला कमान देणे हे काम माणसाकडेच उरते. पुष्कळ शिकवणी-वर्गांत यंत्राची बटणे शिकविली जातात आणि मनुष्यदेहाचे रेखाटन पाठ्यक्रमाच्या कडेला ढकलले जाते, ही गोष्ट मला चिंतेची वाटते. राम मोहन यांनी 2006 च्या सुमारास ग्राफिटी नावाची कार्टूनकलेची शाळा काढली, तेव्हा ते पंचाहत्तरीस पोहोचले होते. 2019 च्या ऑक्टोबरात ते निवर्तले. ज्यांनी वीक्स यांच्या मेजाशेजारी बसून पहिले हरीण चालविले त्या पिढीतले आता क्वचितच कोणी उरले असेल.

म्हणून वाचकांस एक विनंती. मुंबई-पुण्यातील ज्या घरांत कोणी आजोबा, काकू, मावशी एके काळी कार्टूनपटाच्या कामावर होत्या, तेथे माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी तीन भोके पाडलेल्या पेन्सिलचित्रांचे गठ्ठे असण्याचा संभव आहे. ते रद्दीत घालू नयेत. समासात बारीक रेघ आणि आडव्या खुणा असलेला कागद सापडला तर तो वेगळा काढावा, त्याचा क्रम मोडू नये, आणि जवळच्या एखाद्या चित्रकलाशाळेतील कार्टून शिकणाऱ्या मुलांना बोलावून तो त्यांच्या हाताने सरसर उलटू द्यावा.