कासवाची माती

पाळीव कासवाच्या आवारांत कोणती माती पसरावी, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचा नव्हे असें वाचक म्हणतील. आम्हीही तसेंच म्हणत होतों. परंतु इंग्लंडांतील एका खेड्यांतल्या पाद्र्याचीं पत्रें वाचतां वाचतां आमचें मत पालटलें.

हा पाद्री म्हणजे हँपशायर परगण्यांतील सेलबोर्नचा गिल्बर्ट व्हाइट. त्याचा सेलबोर्नच्या निसर्गेतिहासाचा ग्रंथ १७८९ सालचा. ससेक्समधील रिंगमर येथें राहणाऱ्या त्याच्या आत्याकडे एक कासव होतें. १७७१ च्या नोव्हेंबरांत व्हाइट तेथें असतां तें हिवाळ्याच्या निद्रेसाठीं जमीन उकरूं लागलें. पुढच्या पायांनीं माती ओढावी, मागच्यांनीं ती पाठीवर उडवावी. पण पायांची गति घड्याळाच्या तासकांट्याहून फारशी अधिक नव्हे! रात्रंदिवस हें काम चाले. मात्र दुपारीं ऊन पडलें कीं तें बाहेर येई. तेरा तारखेस व्हाइट निघाला तेव्हांही खड्डा अपुराच होता. लादलेल्या गाडीच्या चाकालाही दाद न देणारें कवच पाठीवर असून हा प्राणी पावसाला मात्र भारीं वस्त्रें ल्यालेल्या स्त्रीइतका भितो, याचें व्हाइटला मोठें नवल वाटे. आम्हांस यांत नवल दिसत नाहीं. भूमध्य समुद्राच्या कोरड्या किनाऱ्यांकडील हा जीव. ओल त्याला कशी मानवावी?

आत्या वारल्यावर १७८० च्या मार्चमध्यें कासव व्हाइटकडे आलें. त्यानें तें जमिनींतून उकरून काढलें, तेव्हां तें रागानें फुत्कारलें. मग पेटींत माती भरून, तींत त्यास ठेवून, टपालाच्या घोडागाड्यांतून ऐंशी मैल आणलें. पेटींत गवत नाहीं, चिंध्या नाहींत, माती! कासवाचें घर तेवढें बरोबर घ्यावें, हें त्याला कोणी शिकविलें नव्हतें. सेलबोर्नला सोडतांच कासवानें बागेच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, आणि संध्याकाळीं थंडी पडतांच भुसभुशीत मातींत स्वतःस गाडून घेतलें.

ही भुसभुशीत माती तेथें आयती मिळणारी नव्हती. गांवच्या गाडीवाटेनें दोन जमिनी वेगळ्या केल्या आहेत, हें व्हाइटनेंच लिहून ठेविलें आहे: ईशान्येस ऊबदार, सहज फुटणारी काळी माती, नैर्ऋत्येस चिकट चिखलवट, जी मऊ व्हावयास वर्षांनुवर्षें कष्ट लागत. त्याचें घर दुसऱ्या बाजूस होतें. म्हणजे कासवाला ज्या वाफ्यांत सुखानें पुरून घेतां आलें, ते वाफे माळ्याच्या फावड्याचे ऋणी होते.

याच्या उलट गोष्ट लंडनच्या लँबेथ राजवाड्यांतील. आर्चबिशप लॉड यानें १६३३ सालीं तेथील बागेंत एक कासव सोडलें. लॉडचा शिरच्छेद १६४५ मध्यें झाला. कासव १७५३ पर्यंत जगलें, आणि शेवटीं माळ्याच्या हलगर्जीपणानें मेलें. कोणी क्षुल्लक पैजेपायीं त्यास हिवाळ्यांत उकरून वर काढलें व परत पुरावयास विसरलें, अशी कथा सांगतात. एकशेंवीस वर्षें टिकलेला जीव मातीवांचून थंडीच्या एका रात्रींत गेला असेल, तर त्यांत अशक्य कांहींच नाहीं.

आज या जातीचीं कासवें पाळणारे जाणते लोक बागेंतील साधी माती व वाळू यांचें मिश्रण सुचवितात. वरचा थर कोरडा, खालचा किंचित् ओलसर, आणि खोली इतकी कीं प्राण्यास सर्वांग झांकतां यावें. नुसत्या वाळूंत बीळ टिकत नाहीं, शिवाय ती अन्नाबरोबर पोटांत जाऊन आंतडें अडवूं शकते. देवदाराचा भुसा सुवासिक खरा, पण त्याचीं तेलें बाधक. (आपल्याकडील रानकासवें घरीं ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची मनाई आहे, हें हौशी मंडळींनीं विसरूं नये.)

व्हाइट १७९३ मध्यें वारला. टिमथी हें पुरुषी नांव मिरविणारें त्याचें कासव पुढच्या वर्षीं गेलें. त्याचें कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत आहे, आणि तें मादीचें आहे असें मागाहून ठरलें.