आठ घडे आणि धुण्याचं मशीन



गेल्या पर्युषणात स्थानकातून परत येताना आमच्या इमारतीतली एक सून म्हणाली, "काकू, मशीन बदलायचंय. पण सासूबाई म्हणतात, यंत्रात धुणं म्हणजे पंधरा कर्मादानांतलं यंत्रपीलन. खरं का?" रस्त्यात उभ्या उभ्या काय सांगणार? घरी येऊन उपासकदशांग काढलं आणि आनंद श्रावकाचं पहिलं अध्ययन पुन्हा वाचलं.

यंत्रपीलन म्हणजे घाणा. तीळ, ऊस पिळायचा धंदा. घरातलं धुणं त्यात येत नाही, असं माझं मत. पण त्याच यादीत थोडं पुढे सर-द्रह-तलाव-शोषण आहे, म्हणजे तळी आणि डोह उपसून कोरडे करणं. आणि त्याच अध्ययनात आनंद भगवान महावीरांसमोर आपल्या वापराची मर्यादा बांधून घेतो. अंघोळीला पाणी किती? आठ घडे. पिण्याचं पाणी कुठलं? फक्त आकाशातून पडलेलं. अंगावर वस्त्रं कुठली, तेही ठरवलेलं. हा बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी, त्याला पाण्याला काय तोटा? तरी त्याने घडे मोजले. मी बी.कॉम. झाले, हिशेबाची वही मला कळते. आनंदाचं सातवं व्रत मला नेहमी खर्चाचं अंदाजपत्रक वाटत आलंय. प्रश्न यंत्राचा नाही, मोजण्याचा आहे. आणि आपण धुण्याचं पाणी मोजणं कधी सोडलं, हे बघायला फार लांब जायला नको. वसईतच सगळा इतिहास आहे.

इथल्या वाड्यांत विहिरी होत्या आणि बावखलं होती. नव्या मुलींना बावखल माहीत नसेल. वाडीत खणलेलं तळं, जमिनीतल्या झऱ्याचं आणि पावसाचं पाणी त्यात साठायचं, रहाटाने ते केळीला आणि पानवेलीला जायचं. धुणं विहिरीजवळच्या धोंड्यावर. पाणी पोहऱ्याने ओढायचं, त्यामुळे हातालाच कळायचं की आज किती झालं. आमच्या घरी पोहऱ्याचं पाणी दुहेरी गाळण्यातून घागरीत यायचं, आणि गाळण्यावर राहिलेले जीव सासूबाई त्याच विहिरीत अलगद परत सोडायच्या. त्याला जीवाणी म्हणतात. धुण्याचं शेवटचं पाणी अळूच्या बुंध्याशी. पण हे सगळं आठवून फार गहिवरायचं कारण नाही, कारण तो पोहरा ओढायची सून. पाण्याच्या संयमाचं पुण्य घराला मिळायचं, पाठदुखी तिला.

मग इमारती आल्या. पाणी कुठून आणायचं? गावातल्या विहिरींवर पंप बसले आणि टँकर भरून जाऊ लागले. नव्वदीच्या आगेमागे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणी टँकरची वाट बघत गच्चीवर उभ्या असायच्या. मीही होते. सर-द्रह-तलाव-शोषण हे शब्द तेव्हाही पोथीत होतेच. कितीतरी बावखलं बुजली. पुढे महापालिका २००९ मध्ये झाली, सूर्या नदीचं पाणी टप्प्याटप्प्याने आलं, आणि २०२३ च्या अखेरीस एमएमआरडीएच्या योजनेतूनही येऊ लागलं. त्यात वसई-विरारचा वाटा रोज १८५ दशलक्ष लिटरचा धरलेला आहे. सूर्याचं धामणी धरण मुळात डहाणू-पालघरकडच्या शेतीच्या सिंचनासाठी. तिथले आदिवासी शेतकरी शहरांना पाणी द्यायला विरोध करत आलेत, ते उगाच नाही. आपला नळ उघडतो तेव्हा त्यांचा पाट आठवायला हवा.

मशीन याच काळात घरात शिरलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादच्या धूतांच्या व्हिडिओकॉनने जपानी तंत्राची मशीनं घरोघरी नेली. ती बहुतेक अर्धस्वयंचलित, दोन टाक्यांची. पाणी आपणच सोडायचं, आपणच बंद करायचं, साबणाचं एकच पाणी आधी पांढऱ्यांना, मग रंगीतांना, शेवटी पायपुसण्यांना. जाहिरातीत ते आधुनिक होतं, पण वापरणारी बाई जुन्याच हिशेबाने वापरत होती. हिशेब खरा तुटला तो वरून उघडणाऱ्या पूर्ण स्वयंचलित मशीनने. कपडे बुडेपर्यंत टब भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. झाकण बंद, पाणी भिंतीतल्या पाइपने गुपचूप जातं. समोरून उघडणारं मशीन आयएफबीने जर्मन बॉशच्या साहाय्याने आणलं होतं, गोव्यात बनायचं, पण ते तेव्हा श्रीमंतांचं.

गंमत अशी की कमी पाण्याचं मशीन हेच. त्यात कपडे बुडत नाहीत. ड्रम आडवा फिरतो, कपडे वर उचलले जातात आणि थोड्याशा पाण्यात आपटतात. धोंड्यावर आपटण्याचीच रीत! अमेरिकेत कॅन्सस राज्यात बर्न नावाचं दोनेकशे वस्तीचं गाव आहे, तिथेही पाण्याची ओढाताण. १९९७ मध्ये तिथल्या घरांतली १०३ जुनी मशीनं काढून अशी नवी बसवली आणि आधी-नंतरचं पाणी मोजलं. दर धुण्यामागे पाणी सुमारे ३८ टक्के आणि ऊर्जा ५८ टक्के कमी लागली. ऊर्जा एवढी वाचली, कारण तिकडे गरम पाण्यात धुतात. आपण थंड पाण्यावर ठेवलं की अग्निकायाची विराधनाही टळते आणि बिलही.

घेताना ताऱ्यांच्या लेबलावर एक किलो कपड्यांना किती लिटर पाणी लागतं ते वाचा, नुसते तारे मोजू नका. आणि घरात माणसं चार असतील तर दोन दिवसांचं धुणं एकदम लावा. अर्ध्या ड्रमला पाणी अर्धं लागत नाही.

फेसाचं मात्र मन घट्ट करावं लागतं. १९५९ मध्ये सर्फ आला, १९६९ मध्ये निरमा, आणि फेस म्हणजे स्वच्छता हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. (त्याआधी साबणाच्या वडीत चरबी तर नाही ना, ही धास्ती असायची.) आडव्या ड्रममध्ये फेस जास्त झाला की कपडे त्यावर तरंगतात, आपटत नाहीत, आणि मशीन फेस घालवायला आणखी पाणी घेतं. म्हणून फ्रंट लोडची कमी फेसाची पावडरच घ्या, आणि तीही सांगितलेल्या मापाने.

दुसरी गोष्ट चातुर्मासाची. वसईच्या पावसात ओलं धुणं दोन-दोन दिवस वाळत नाही, त्यावर बुरशी धरते, आणि ओल म्हणजे जीवोत्पत्ती. जोरात पिळून निघालेले कपडे लवकर सुकतात, हा मशीनचा मोठाच उपकार. पण मशीन थांबलं की कपडे लगेच काढा, आत तासन्‌तास ठेवू नका. दाराचं रबर कोरडं पुसा, दार उघडं ठेवा. नाहीतर बाहेरची बुरशी वाचवून आत वाढवाल.

गाळण्याचं काय? नळीच्या तोंडाशी जाळी असते, पण ती रेतीसाठी. तिला गाळणं म्हणता येणार नाही. जीवाणी तर नाहीच. ही गोष्ट आपल्या हातून गेली, आणि ती झाकायला मला कुठलीही पळवाट सापडलेली नाही.

मी मात्र एक केलं. जुन्या मशीनचा सांडपाण्याचा पाइप वीस लिटरच्या बादलीत सोडून मोजलं. एका धुण्याच्या जवळजवळ सात बादल्या. नव्याच्या साडेतीन. शेवटचं खळबळलेलं पाणी आता संडास आणि गॅलरी धुवायला राहतं. त्या सुनेलाही आधी बादल्या मोजायला लावलं, मगच दुकानात पाठवलं. तिने आठ किलोचं, समोरून उघडणारं आणलंय. सासूबाई आपलं लुगडं अजून मोरीतच धुतात, एका बादलीत.