सरकारी वचन आणि वैध अपेक्षा

१८६५ मध्ये मुंबई सरकारने म्युनिसिपालिटीस जुन्या मंडईची जागा सोडावयास लावून, क्रॉफर्ड मार्केटसाठी दुसरी जागा बिनभाड्याने देण्याचा ठराव केला. रीतसर दानपत्र झाले नाही. त्या शब्दावर विसंबून म्युनिसिपालिटीने १७ लाख रुपये खर्चिले. पुढे १९४० मध्ये कलेक्टरने जमिनीवर सारा बसविला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्युनिसिपालिटीस न्याय दिला. परंतु त्याचा मुख्य आधार दीर्घकालीन कब्जा हा होता. दिलेल्या वचनावर भर दिला तो न्या. चंद्रशेखर अय्यर यांनी. कब्जा नसलेल्या नागरिकाचे काय? १९६९ मध्ये लॉर्ड डेनिंग यांनी इंग्लंडात योजिलेली ‘वैध अपेक्षा’ ही संज्ञा याच प्रश्नाचे उत्तर शोधते. १९९३ च्या कामधेनू खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशी अपेक्षा स्वतंत्र हक्क नव्हे. तथापि तिची दखल न घेतल्यास शासनाचा निर्णय मनमानी ठरू शकतो.