इंजिन अदलाबदल (मोटार वाहने)

इंजिन अदलाबदल म्हणजे मोटार वाहनाचे मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या वाहनाचे इंजिन बसवणे होय. स्वयंचलित गिअरच्या गाडीचे इंजिन हाताने गिअर बदलण्याच्या ट्रकमध्ये बसवणे हा त्याचा एक प्रकार आहे. यात सिलिंडर, पिस्टन आदी मुख्य भाग सहसा तेच राहतात. खरा फरक क्रँकशाफ्टच्या मागील टोकाशी, विद्युत नियंत्रणात आणि वाहनाच्या नोंदणीत पडतो.

== स्वयंचलित गिअरचे प्रकार ==
काम किती अवघड ठरेल, हे इंजिन कोणत्या प्रकारच्या गिअरबॉक्सला जोडलेले होते यावर अवलंबून असते. पारंपरिक स्वयंचलित गाडीत इंजिन व गिअरबॉक्स यांमध्ये क्लच नसून टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि तो तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे पोहोचवतो. भारतात २०१४ मध्ये आलेल्या मारुती सुझुकी सेलेरिओपासून एएमटी ही पद्धत लोकप्रिय झाली. एएमटीत गिअरबॉक्स व क्लच नेहमीच्याच धर्तीचे असतात. केवळ ते दाबण्याचे व बदलण्याचे काम यंत्रणा करते. त्यामुळे अशा इंजिनावर फ्लायव्हील आधीच असते.

== यांत्रिक बदल ==
टॉर्क कन्व्हर्टरच्या इंजिनाला मागे फ्लेक्सप्लेट नावाची पातळ पोलादी चकती असते. तिच्यावर क्लच बसवता येत नाही. म्हणून पुढील बदल करावे लागतात :
* फ्लेक्सप्लेट काढून त्या इंजिनाला जुळणारे जड फ्लायव्हील बसवणे. काही इंजिनांचा तोल साधणारे वजन याच भागावर असते; तेथे चुकीचे फ्लायव्हील बसवल्यास इंजिन थरथरते व क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर ताण येतो.
* क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग व क्लच दाबण्याची जोडणी बसवणे.
* गिअरबॉक्सच्या शाफ्टचे पुढचे टोक क्रँकशाफ्टमध्ये टेकत असल्यास तेथे पायलट बेअरिंग बसवणे. स्वयंचलित गाडीच्या क्रँकशाफ्टमध्ये ही जागा पूर्ण कातलेली नसण्याची शक्यता असते.
* बेलहाउसिंगची भोके व मध्यरेषा जुळवणे. मध्यरेषा किंचित सरकली तरी क्लच नीट सुटत नाही आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग लवकर खराब होते.
* स्टार्टर मोटरचे दाते व फ्लायव्हीलच्या कडेचे दाते एकमेकांशी जुळतात का, हे तपासणे.
* इंजिनाचे माउंट, तेलाचा सम्प व प्रोपेलर शाफ्टची लांबी तपासणे.

== विद्युत नियंत्रण ==
आधुनिक इंजिनाचा संगणक गिअरबॉक्सच्या संगणकाकडून येणाऱ्या संदेशांची वाट पाहतो. ते न मिळाल्यास तो बिघाडाचा दिवा लावतो किंवा इंजिनाची शक्ती मर्यादित करतो. स्वयंचलित गाडी गिअर 'पार्क' वा 'न्यूट्रल'मध्ये असतानाच सुरू होते. त्या स्विचची जागा ट्रकमध्ये क्लचच्या स्विचने भरून काढावी लागते. चावी ओळखणारी चोरीप्रतिबंधक यंत्रणाही इंजिनाच्या संगणकाशी बांधलेली असते. यामुळे तारांचा संच व हस्तचलित प्रकारचा संगणक यांसह इंजिन मिळवणे सोयीचे पडते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल इंजिनात धूर शुद्ध करणारी यंत्रणा व तिचे संवेदक हेही याच संगणकाशी जोडलेले असतात.

== घाटरस्त्यांवरील महत्त्व ==
नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्यालय सातपुडा पर्वतात आहे. तालुक्यात रेल्वे नाही. धान्य, खत व बांधकामाचे साहित्य चांदसैलीसारख्या घाटांतून ट्रक व पिकअप गाड्यांनीच येते. अशा उतारांवर भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या रोधाने वेग आवरावा लागतो. केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होतात. हा रोध चाकांपर्यंत क्लच व गिअरबॉक्समधूनच पोहोचतो. क्लच घसरत असेल किंवा गिअर निसटत असेल, तर उतारावर गाडी मोकळी सुटते. हलक्या मोटारीच्या इंजिनासाठी असलेला क्लच ट्रकच्या भाराला पुरत नाही. तो चढावर जळतो. डिझेल इंजिनात हवा ओढण्याच्या मार्गावर पेट्रोल इंजिनासारखी पुरेशी निर्वात स्थिती तयार होत नाही. म्हणून निर्वात दाबावर चालणारे ब्रेक असलेल्या पिकअपमध्ये नव्या डिझेल इंजिनासोबत व्हॅक्यूम पंप असणे अत्यावश्यक ठरते.

== कायदेशीर तरतुदी ==
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. किमान दहा परिवहन वाहने असलेल्या मालकाला त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन पूर्वमंजुरीशिवाय बदलण्याची मुभा राज्य शासन देऊ शकते; मात्र बदलाची माहिती चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाला बाध आणणारे बदल अमान्य ठरवले. वेगळ्या प्रतिमानाचे इंजिन घालणे या चौकटीत सहजासहजी बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार अवैध बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंद नसलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

नंदुरबार जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच-३९ या क्रमांकमालेत होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली वाहनांच्या चाचणीसाठी मान्य असलेल्या संस्थांपैकी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे.

== हेही पाहा ==
* क्लच
* गिअरबॉक्स
* फ्लायव्हील
* धडगाव