शिगेची पायली आणि वायूचे माप



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी आम्हांकडून शेर, पायली, मण, खंडी यांची कोष्टके पाठ करवून घेतली आणि लागलीच किलो-लिटरचीही करवून घेतली. १९५६ साली बिदर जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला आणि त्याच वर्षी दशमान वजनमापांचा कायदा संसदेने संमत केला. राज्य बदलले, मापे बदलू लागली. परंतु मेहकरचा शेतकरी धान्य घेऊन गेला की प्रश्न जुनाच राही : पायली शिगेची की सपाट? भांडे तेच, ज्वारी तीच. वर शीग राहू द्यायची की हाताने पुसून काढायची, एवढ्यावर घरी येणारा पैसा ठरे.

आजचा विषय वरकरणी दूरचा आहे. नळातून वाहणारा नैसर्गिक वायू मोजण्यासाठी दाबफरकावर चालणारी मापके कशी आली आणि कशी बसविली गेली, हे मला सांगावयाचे आहे. उमेदीची वर्षे मी याच कामात काढली. आणि त्यातला सारा तंटा, खरे सांगायचे तर, शिगेचाच असतो.

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली तेल शोधले. मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायूही वर येतो. तो किनाऱ्यावर आणण्याची व्यवस्था अपुरी होती, तोवर त्यातला पुष्कळसा समुद्रावरच जाळून टाकावा लागे. जे जाळायचे ते काटेकोर मोजण्याची घाई कोणाला? १९७८ साली समुद्रतळावरील नळाने वायू उरणला पोहोचला. पुढे ट्रॉम्बे व थळ येथील खतकारखाने, उरणचे वीजकेंद्र असे ग्राहक मिळत गेले. वायूला किंमत आली आणि किंमतीमागोमाग माप आले.

मात्र वायू पायलीत भरता येत नाही. ४० वातावरणांच्या दाबाखाली एका घनमीटरात नेहमीच्या दाबावरचा ४० घनमीटरांहून अधिक वायू मावतो. आणि तापमान १५ अंशांवरून ३० अंशांवर गेले, तर तोच वायू सुमारे ५ टक्के अधिक जागा व्यापतो. म्हणून व्यवहार ‘प्रमाण घनमीटरा’त करावा लागतो.

उपाय मूळचा पाण्याचा आहे. प्रवाहाचा वेग वाढला की त्याचा दाब घटतो, हे डॅनिएल बर्नुली याने १७३८ साली मांडले. १७९७ मध्ये व्हेन्चुरी या इटालियन पंडिताने चिंचोळ्या नळातील प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि नव्वद वर्षांनी क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन अभियंत्याने त्यावरून मापक घडवून त्याला त्याचे नाव दिले. वायूसाठी याहून साधी युक्ती रूढ झाली : नळात मध्यभागी भोक असलेली पोलादी चकती बसवायची, हिलाच ऑरिफिस प्लेट म्हणतात, आणि तिच्या दोन्ही अंगांच्या दाबांतील फरक मोजायचा. थॉमस वेमथ याने या पद्धतीवरील आपले काम १९१२ साली प्रसिद्ध केले. १९३० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात बाइट्लर यांनी जे प्रयोग केले, त्यांतील गुणांकांवर पुढे जवळजवळ अर्धशतक वायूची विक्री चालली. गंमत अशी की ते प्रयोग पाण्यावर केलेले होते.

सूत्र असे जुने आणि सर्वांना ठाऊक. मग तंटा कशाचा? तो बसविण्याचा आहे.

४० वातावरणांचा दाब म्हणजे सुमारे ४०० मीटर उंच पाण्याचा स्तंभ, आणि मोजायचा फरक बहुधा अडीच मीटरांच्या आतला. त्यातही प्रवाह हा या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. प्रवाह निम्मा झाला की फरक चतुर्थांशावर येतो आणि चतुर्थांश झाला की सोळाव्या हिश्श्यावर. म्हणून एकाच चकतीवर अधिक व कमी पल्ल्याची दोन यंत्रे जोडण्याचा प्रघात पडला. दाब नेणाऱ्या बारीक नळ्या मुख्य नळाच्या माथ्यावरून काढून यंत्राकडे चढत्या न्याव्या लागतात. नाहीतर वायूतील द्रव त्यांत साचतो आणि ज्या नळीत साचेल त्याप्रमाणे माप खरेदीदाराकडे किंवा विकणाऱ्याकडे झुकते. चकतीची प्रवाहाकडील कड धारदार हवी. तिच्यावर प्रकाशाचा झोत टाकावा. कड चमकली तर धार बोथट झाली असे समजावे. बोथट धार माप कमी दाखवते, म्हणजे विकणाऱ्याची शीग ग्राहकाच्या पदरी पडते.

एका केंद्रावर (नाव घेण्याचे प्रयोजन नाही) चकती उलटी बसविलेली आढळली. उतरती कड प्रवाहाकडे आणि धार मागे! अशाने माप दहा टक्क्यांहूनही अधिक कमी येऊ शकते. यंत्र निर्दोष होते, आलेखही सुरेख उमटत होता. फरक सापडला तो चकती बाहेर काढल्यावरच.

नळातील वळणाची कथा याहून बोधक आहे. वळणानंतर प्रवाह पिळवटतो. तो सरळ होण्यासाठी चकतीआधी सरळ नळ लागतो. भोक नळाच्या सहा-दशांश व्यासाचे असेल, तर एका वळणानंतर १८ व्यास पुरेत असे आंतरराष्ट्रीय मानक १९९१ साली सांगत होते. २००३ च्या सुधारणेत जादा अनिश्चितता न धरता ४२ व्यास मागितले गेले. १२ इंची नळास १८ फुटांऐवजी ४२ फूट! जुन्या केंद्रांत एवढी जागा आणायची कोठून?

म्हणून वायूच्या करारांत यंत्रापेक्षा साक्षीवर अधिक भर दिसतो. ठरलेल्या दिवशी दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी हजर राहतात, दोन्ही नळ्यांचा दाब सारखा करून शून्य तपासतात, चकती मोजतात आणि एकाच कागदावर सह्या करतात. मर्यादेबाहेर चूक निघाली आणि ती केव्हापासूनची हे ठरविता आले नाही, तर मागील तपासणीपासूनचा निम्मा काळ धरून हिशेब दुरुस्त करण्याची रीत आहे. निम्माच का, याला शास्त्रीय उत्तर नाही. दोघांनी मान्य केलेली ती तडजोड आहे.

आता मोठ्या केंद्रांवर ध्वनिलहरींची मापके आली आहेत. अमेरिकेच्या वायुसंघाने त्यांच्यासाठी पहिला मापन-अहवाल १९९८ साली काढला. त्यांत चकती नाही, बोथट होणारी धार नाही. दाब व तापमान मात्र त्यांनाही लागते, आधी सरळ नळ लागतो, आणि तपासणीच्या कागदावर अजूनही दोन सह्या होतात.