कण्हसेल : डोंगरमाथ्यावरील संघनगरी

घिवली, तारापूर, चिंचणीपासून सोपाऱ्यापर्यंतचा उत्तर कोकणचा किनारा प्राचीन काळी व्यापाराने गजबजलेला होता. नाशिकच्या लेण्यात कोरलेल्या उषवदाताच्या लेखात डहाणूच्या नदीवर प्रवाशांसाठी विनामूल्य नाव ठेवल्याची नोंद आहे. सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले व १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. या किनाऱ्यावरील बंदरांत कमावलेल्या धनाचा एक वाटा धम्मासाठी ज्या डोंगरावर पोहोचत असे, तो डोंगर म्हणजे बोरिवलीनजीकची कान्हेरी. शिलालेखांत तिचे नाव कण्हसेल, तसेच कृष्णगिरी असे येते.

कान्हेरीस केवळ एकांतवासाचे स्थान समजणे आम्हांस अपुरे वाटते. ती डोंगरावर वसलेली एक छोटी नगरीच होती. शंभराहून अधिक लेणी, त्यांना जोडणाऱ्या दगडी पायऱ्या, पावसाचे पाणी वाहून नेणारे पाट, बहुतेक लेण्यांपुढे कोरलेल्या पोढी, एकत्र बसण्यासाठी दालने, आणि दिवंगत थेरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तूपांची स्वतंत्र वीथी अशी तिची रचना आहे. पाण्याची सोय झाल्यावाचून डोंगरावर संघ राहू शकत नाही, हे तेथील प्रत्येक पोढी सांगते.

ही नगरी कोणी उभारली? भव्य चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील आहे. परंतु त्याचे दाते राजे नव्हेत, दोन वणिक बंधू होते. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. सोपाऱ्याचा मणिकार नागपालित याचेही नाव दात्यांत आहे. प्रव्रजित भिक्खुणींनी दिलेली दाने आहेत. लोहाराची वाट आणि सोनाराची पोढी यांना वणिकांच्या चैत्याइतकाच दगड मिळाला, इतकेच अक्षर मिळाले. दानाचे मोल दात्याच्या कुळावरून ठरविले जात नव्हते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता?

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. दाते लेणे कोरून देऊन थांबत नसत. अनेक लेखांत 'अखयनिवि' हा शब्द येतो. अखयनिवि म्हणजे न मोडावयाची ठेव. मूळ धन किंवा शेत कायम राखावयाचे आणि उत्पन्नातून भिक्खूंच्या चीवरांचा व पादत्राणांचा खर्च भागवावयाचा, अशी ही व्यवस्था होती. एका लेखात 'मंगलठाण' येथील शेत दान दिल्याचे नमूद आहे; तेच आजचे बोरिवलीचे मागाठाणे होय. डोंगरावरील भिक्खूच्या अंगावरचे वस्त्र पायथ्याच्या शेतातून येत होते.

ही परंपरा शतकानुशतके टिकली. इ. स. ४९४ च्या सुमाराच्या ताम्रपटात सिंधू देशाच्या बुद्धरुचीने येथे सारिपुत्त थेरांच्या नावे चैत्य उभारल्याचे म्हटले आहे. शक ७७५, म्हणजे इ. स. ८५३ मध्ये, गौड देशातून आलेल्या अविघ्नाकर या उपासकाने १०० द्रम्मांची ठेव ठेवली. पुढे १००९ व १०२१ साली आलेल्या पारशी प्रवाशांनी ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे कोरली; त्या लेखांत ठेवीचा उल्लेख नाही, शेताचा नाही. ते पाहुणे होते, पोषणकर्ते नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर महाराष्ट्राच्या गावोगावी, वस्त्यावस्त्यांतून विहारे उभी राहिली. बांधकामासाठी आपल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली. पण दिवाबत्ती, ग्रंथालय, पाणी, बालवर्गाचा शिक्षक यांची तरतूद किती विहारांनी केली आहे? उद्‍घाटनाची कोनशिला भिंतीवर असते, अखयनिवि नसते. लेणी पाहावयास जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी चैत्याला वंदन करून परतू नये. नंद लोहाराची वाट आणि सामिदत्त सोनाराची पोढी यांचाही विचार करावा, आणि परतल्यावर आपल्या विहारासाठी न मोडणारी एक ठेव, ती कितीही लहान असो, सुरू करावी. विहार उभारणे हे एका पिढीचे काम आहे. तो चालविणे हे प्रत्येक पिढीचे.