कापलेली शिखरे : डिजिटल संगीतातल्या एका हानीचा इतिहास

#थ्रेड

१/ सप्टेंबर २००८. ‘मेटॅलिका’ या अमेरिकी बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम प्रसिद्ध झाला आणि थोड्याच दिवसांत श्रोत्यांच्या एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. विकत घेतलेल्या सीडीपेक्षा ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममधली तीच गाणी अधिक स्वच्छ ऐकू येत होती. असे का व्हावे?

२/ याचे मूळ सीडीच्या रचनेत आहे. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांनी बाजारात आणलेल्या या तबकडीवर ध्वनितरंगाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा नोंदवलेली असते. प्रत्येक नोंद १६ बिटांची, म्हणजे एकूण पायऱ्या ६५,५३६. शेवटच्या पायरीवर छत आहे. तरंगाचे शिखर त्याहून उंच गेले, तर ते सपाट कापले जाते. हेच क्लिपिंग.

३/ मग कोणी मुद्दाम छतावर का आदळावे? दोन गाणी लागोपाठ ऐकवली, तर मोठ्या आवाजातले गाणे कानाला सरस वाटते. त्यामुळे प्रत्येकाला आपली सीडी शेजारच्या सीडीहून मोठी वाजायला हवी होती. १९९० च्या दशकातील डिजिटल लिमिटरांनी हे सोपे केले. या चढाओढीला ‘लाउडनेस वॉर’ हे नाव पडले.

४/ कधी हा कलावंताचाच आग्रह असे. ‘रॉ पॉवर’ (१९७३) या अल्बमचे मूळ मिश्रण बहुतांशी डेव्हिड बोवी यांचे. १९९७ च्या आवृत्तीसाठी इगी पॉप यांनी ते स्वतः नव्याने केले आणि ती आवृत्ती कमालीची कर्कश, फाटलेल्या आवाजाची निघाली. अशा ठिकाणी ‘दोष’ आणि ‘हेतू’ यांतली रेषा पुसट होते.

५/ ‘डेथ मॅग्नेटिक’चे मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी कळवले की आपल्या हाती आलेले मिश्रणच आधीपासून दाबलेले होते. गेमच्या निर्मात्यांना मात्र वाद्यांचे ट्रॅक या अखेरच्या संस्कारापूर्वीच, सुटे मिळाले होते. हजारो श्रोत्यांनी नव्या मिश्रणासाठी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या.

६/ ही हानी ओळखायची कशी? ‘ऑडॅसिटी’सारख्या संपादकात तरंग पुष्कळ मोठा करून पाहावा. शिखराच्या जागी सलग अनेक नोंदी एकाच उंचीवर दिसल्या, तर शिखर कापले गेले आहे. सावधान : कापल्यानंतर आवाज कमी केला असेल, तर पठार छताच्या खाली दिसते. म्हणून उंची पाहू नये, सपाटी पाहावी. एमपी३ रूपांतरात ही सपाटीही विसकटते आणि ओळख पटणे अवघड होते.

७/ दुरुस्ती? नुसता आवाज कमी करून शिखर परत येत नाही. आधी आवाज उतरवून वर जागा मोकळी करायची, मग पठाराच्या दोन्ही बाजूंच्या शाबूत नोंदींवरून हरवलेल्या वळणाचा अंदाज बांधायचा. गेलेल्या नोंदी मोजक्या असतील तर अंदाज चांगला जमतो. पठार लांबलचक असेल, तर गणितालाही आधार उरत नाही.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. शिलालेखाची झिजलेली अक्षरे संपादक मागच्यापुढच्या मजकुरावरून सुचवतो, पण चौकटी कंसात. दुरुस्त केलेल्या ध्वनिफितीत असा कंस नसतो. भरलेले शिखर अस्सल शिखराइतकेच खरे भासते.

९/ चढाओढीचा पाया पुढे खचला. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जाणवणारा आवाज मोजण्याची प्रमाण पद्धत दिली आणि २०१० मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने तिच्यावर आधारित ‘आर १२८’ ही शिफारस केली. आता स्ट्रीमिंग सेवाही सर्व गाणी साधारण एका पातळीवर आणू शकतात. तिथे दाबलेले गाणे मोठे वाजत नाही, केवळ सपाट वाजते.

१०/ तरीही त्या काळातल्या असंख्य सीडी तशाच आहेत. आपल्या संग्रहातली फाइल जरूर दुरुस्त करा, पण नव्या नावाने जतन करा, काय केले याची नोंद ठेवा आणि मूळ प्रत पुसू नका. कापलेले शिखर हाही त्या काळाचा पुरावाच आहे.

(समाप्त)